आशाताईंबरोबर घरभेटीला जाताना

घरभेटीला येणाऱ्या स्वयंसेवकाकडून गावाची फार मोठी अपेक्षा नसते. बाळाचं वजन नीट करावं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा, एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात बोलू नये, आणि ‘सोमवारी येतो’ म्हटलं तर सोमवारी यावं. यातलं शेवटचंच सगळ्यात जास्त चुकतं. पहिल्या दिवशी घर पाहुणा आल्यासारखं बोलतं. सून पोटभर जेवत नाही, आबांनी बीपीची गोळी महिनाभर घेतलेली नाही, पोराला धाप लागली तेव्हा आधी अंगारा लावला, ही माहिती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला बाहेर येते. म्हणून खाली जे सांगितलंय ते सगळं एका हिशेबानं सांगितलंय: त्या घराचं दार तुमच्यासाठी पुन्हा उघडलं पाहिजे.

परवानगी आणि जोडी

आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि कोणत्या गावात, किती महिने, आठवड्यातून किती दिवस येणार ते लेखी द्या. ग्रामपंचायतीलाही कळवा. गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. तिच्या बैठकीत एकदा तोंडओळख झाली की पुढे दारोदार आपण कोण ते सांगत बसावं लागत नाही.

एकट्यानं घरभेट करायची नाही, आशाताईंबरोबरच, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीबरोबर जायचं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा ही पद्धत २००५ पासून आहे. कुणाच्या घरात कोण आजारी आणि कुणाचं कुणाशी पटत नाही हे तिला पाठ असतं. आणखी एक गोष्ट पाहुण्या स्वयंसेवकांच्या ध्यानात येत नाही. आशाताईंचा बराच मोबदला कामावर असतो, भेटीची नोंद त्यांच्या वहीत झाली तरच तो मिळतो. तुम्ही उत्साहानं परस्पर बाळाचं वजन करून आलात तर त्यांची भेट बुडते आणि घरच्यांना वाटतं, ‘ही दुसरी बाई कोण, आता आधीची येणार नाही का?’ तुमचं काम दुसऱ्या हाताचं आहे: काटा धरायचा, घड्याळ बघायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा.

वेळ

कोल्हापूरकडच्या गावाचं घड्याळ म्हशीच्या धारेवर चालतं. पहाटे आणि संध्याकाळी धारा काढून दूध डेअरीला जाईपर्यंत घरातल्या बाईला बोलायला सवड नसते. सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी साडेतीनच्या पुढे तासभर, एवढीच कामाची वेळ. भातलावणीत आणि सुगीत तीही मिळत नाही. तेव्हा दुपारी भाकरी खायला बांधावर बसलेल्या बायकांकडेच जायचं. गावची जत्रा, आठवड्याचा बाजार आणि अमावास्या आशाताईंना विचारून टाळा.

एका सकाळी चार घरं पुरेत, पाच झाली तर डोक्यावरून पाणी. दहा घरांची यादी घेऊन निघालेली जोडी शेवटच्या पाच घरांत फक्त सह्या घेते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीतल्या धनगरवाड्यांवर जायचं असेल तर दिवसाला एकच वाडा धरा आणि पावसाळ्यात दुपारी दोनच्या आत परत फिरा, कारण ओढ्याचं पाणी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

पिशवीत काय

सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मोबाइल नव्हे. मोबाइल हातात दिसला की फोटो काढताय असं वाटतं. डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा जादा सेल, झोळीचा वजनकाटा, दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, बीपीचं मशीन आणि दोन मापांचे पट्टे, साबण आणि स्वतःचा टॉवेल, टॉर्च, पिण्याचं पाणी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. जलसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटं आशाताईंकडून चार-पाच घ्या. स्वतःच्या पैशानं गोळ्या-औषधं मात्र आणू नका. ज्या घरात एकदा फुकटची गोळी मिळाली, त्या घरात पुढच्या वेळी तुमच्या बोलण्यापेक्षा पिशवीकडे लक्ष असतं. सुई टोचायचं कुठलंही काम स्वयंसेवकाचं नाही, साखर तपासण्यासाठी बोट टोचणंसुद्धा.

उंबऱ्यावर

चप्पल बाहेर काढायची आणि सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात बसायचं. बोलावल्याशिवाय आत माजघरात जायचं नाही. वयानुसार आज्जी, आबा, मावशी, वहिनी अशी हाक मारा. ‘मॅडम’, ‘पेशंट’ हे शब्द घरी ठेवून या. इकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. शहरातून आलेल्यांनी ते सुधारायला जाऊ नये आणि हसू तर मुळीच नये. चहा टाळता येत नाही, पण चार घरांत चार कप होतात. पहिल्या घरी घ्या आणि पुढच्या घरी आपणहून ‘पाणी द्या’ म्हणा, म्हणजे मान राहतो.

सासूला वगळून सुनेशी बोलायला गेलात तर पुढची भेट होणार नाही. आधी सासूबाईंची चौकशी करा, त्यांच्या गुडघ्यांचं ऐका, जमलं तर त्यांचंच बीपी आधी बघा. तोवर आशाताई सुनेला बाळाचं वजन करायला आत नेतात. नाजूक प्रश्न तिथं विचारायचे: अंगावरून किती जातंय, जेवण मिळतं का, कुणी हात उगारतं का. मारहाणीचं कळलं तर तिथल्या तिथं कुणाला जाब विचारू नका, त्याचा मार रात्री तिलाच बसतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करून घ्यायला सांगा, कागदावर लिहून देऊ नका.

बाळंतीण आणि तान्हं बाळ

घरभेटीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली आणि २०११ पासून ती देशभर आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी होतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

आपल्याकडे पहिली गडबड इथंच होते. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. नाव सासरच्या आशाच्या वहीत आणि बाळ माहेरच्या गावात. दोघींनाही वाटतं की दुसरी जाते आहे. स्वयंसेवकानं सातव्या महिन्यातच विचारून ठेवावं, ‘बाळंतपण कुठं करणार?’, आणि माहेरच्या गावच्या आशाताईंचा फोन सासरच्या आशाताईंना मिळवून द्यावा. दुसरी गडबड सोयराची. पहिल्या दहा-बारा दिवसांत काही घरांत बाहेरच्याला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देत नाहीत, आणि तिसऱ्या-सातव्या दिवसाच्या भेटी नेमक्या त्यातच येतात. वाद घालू नका. आशाताई आत जातील, तुम्ही दारात बसून घड्याळ सांभाळा.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. बाळाला हात लावण्याआधी, ते झोपलेलं असताना, श्वास मोजायचा. एकदा उघडं केलं की रडतं आणि आकडा वाया जातो. पोटावरचं कापड जरासं वर करून पोटाची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो आणि मध्येच भरभर होतो. ६० किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजा. पुन्हा ६० किंवा जास्त आले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला गावात ‘पोट उडतंय’ म्हणतात, तर आकड्याची वाट बघू नका.

मग हात साबणानं धुऊन, स्वतःच्या टॉवेलनं पुसून, काखेत थर्मामीटर. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. ३७.५ च्या वर ताप. ३६.५ च्या खाली गेलं तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी द्यायची, टोपी-मोजे घालायचे आणि पुन्हा बघायचं. ३५.५ च्या खाली असेल तर तसंच छातीशी धरून दवाखान्यात न्यायचं. नुकतीच अंघोळ झालेली असेल किंवा बाळ शेगडीजवळ असेल तर तापमान चुकीचं येतं, वीस मिनिटं थांबा.

वजन शेवटी. झोळी अडकवल्यानंतर काटा शून्यावर आणायचा, रिकाम्या काट्यावर नव्हे. ही चूक रोज होते आणि झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. बाळ उघडं, झोळी जमिनीपासून वीतभरच वर आणि खाली गोधडी अंथरलेली. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. जन्माचं वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते बाळ तुमच्या यादीत सगळ्यात वर.

दूध ओढत नाही, अंग ढिलं पडलंय, रडणं कण्हल्यासारखं झालंय, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेच्या कडेला लाली आणि पू आहे: यातलं एकही दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही. आईचंही बघा. कपड्यावर कपडा भिजेल इतकं अंगावरून जाणं, घाण वास, ताप, डोकं फुटेल इतकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, एकाच पायाला सूज, ही तिची धोक्याची लक्षणं.

रीतीभातींत काय सोडायचं आणि काय धरायचं याचं तारतम्य हवं. बाळाच्या मनगटातल्या काळ्या मण्यांनी काही बिघडत नाही, त्याबद्दल अवाक्षर काढू नका. घुटी, मध, गूळपाणी, नाळेला हळद-तेल-राख, बंद खोलीतली धुरी आणि बाळंतिणीला तोडलेलं पाणी यांवर मात्र प्रत्येक भेटीत बोलायचं. सरळ ‘हे करू नका’ म्हणण्यापेक्षा जागा बदलून द्या. बाळाला चाटवायचा गूळ बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवात घाला म्हणा. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी ठेवा आणि बाळाला दुसऱ्या खोलीत न्या. बाराव्या दिवशी बारसं होतं, पन्नास हातांतून बाळ फिरतं, म्हणून चौदाव्या दिवसाच्या भेटीला सर्दी, डोळे आणि नाळ जरा जास्त बारकाईनं बघा.

थोडी मोठी मुलं

तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी असतात. सहा महिन्यांनंतर वजन अडकलं तर ताटात बघा. बहुतेक वेळा डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेलं बिस्किट असतं. पोट भरतं, अंगी लागत नाही. कसोटी सोपी: चमचा आडवा केला तर जे ओघळून पडतं ते पातळ झालं. नाचणीची खीर, वरणभात कुस्करून वर चमचाभर तूप किंवा तेल. आपल्याकडे नाचणी आणि दूध दोन्ही घरात असतात, तेव्हा डब्यातली पावडर सुचवू नका.

दंडाचा घेर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा मोजतात. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. दोन्ही पायांवर अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहत असेल तर घेर कितीही असो, त्या मुलाला दवाखान्यातच न्यायचं.

जुलाब लागले असतील तर जलसंजीवनीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या तांब्यात अर्धं पाकीट असा हिशेब घरात होतो आणि पाणी खारट होऊन पोरगं थुंकतं, किंवा त्याहून वाईट, पितं. आशाताईंसमोर त्या घरातल्याच भांड्यानं लिटर मोजून दाखवा. २४ तासांनंतर उरलेलं टाकायचं. जोडीला झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, पाणीही घेत नाही, तर गाडी बोलवा.

गरोदर बाई आणि लोहाची गोळी

‘गोळ्या घेता का?’ या प्रश्नाला सगळ्याच ‘हो’ म्हणतात. पाकीट मागा आणि गोळ्या मोजा. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. बंद करायची कारणं ठरलेली असतात: मळमळ, शौचाला खडा, काळी शी आणि ‘बाळ काळं होतं’ ही समजूत. काळी शी लोहामुळे होते आणि तिनं काही बिघडत नाही हे आधीच सांगून ठेवा. गोळी रात्री जेवणानंतर, चहाशी नाही, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी, दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट लागत नाही. बीपी १४०/९० किंवा वर, चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी: त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी मे महिन्यातच करा. वाडीवर गाडी येत नसेल तर कोणाच्या घरी, रस्त्यालगतच्या कोणत्या गावात आठ दिवस आधी येऊन राहायचं हे सासू-सासऱ्यांसमोर ठरवून घ्या.

बीपी, साखर, मिसरी

मशीन लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसवा, पाठ भिंतीला, पाय जमिनीवर, हात काळजाच्या उंचीवर. मापताना कुणी बोलायचं नाही. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. चहा, तंबाखू किंवा मिसरीनंतर अर्धा तास थांबायचं. मिसरीचं मुद्दाम सांगतो, कारण ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर बाई ‘नाही’ म्हणते. तिच्या मते मिसरी म्हणजे दात घासणं. नाव घेऊनच विचारा, दिवसातून किती वेळा तेही विचारा आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते टॉर्चनं बघा.

पहिल्या मापाला १४०/९० च्या वर आलं म्हणून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगू नका. दोन मिनिटांनी पुन्हा मापा, आकडा चिठ्ठीवर लिहा आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवायला सांगा. १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं यातलं काही असेल तर ताबडतोब १०८. ज्यांची गोळी चालू आहे त्यांच्याकडे सहसा एकच गोष्ट बिघडलेली असते: बरं वाटलं म्हणून बंद केली. मीठ कमी करा हे सांगताना भाजीतलं चिमूटभर धरून बसू नका. लोणचं, पापड आणि भाकरीवरचा खर्डा मोजा.

खोकला

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त: क्षयरोगाची तपासणी. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. पैसे कधी जमा होतील याचा शब्द देऊ नका, फक्त बँकेचं खातं बरोबर लागलंय का ते बघा. अशा घरी मास्क लावून दोघंच जा, अंगणात किंवा पडवीत वाऱ्याच्या बाजूला बसा आणि आजाराचं नाव शेजारी ऐकतील असं घेऊ नका. औषधानं लघवी लालसर होते हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर माणूस घाबरून गोळ्या टाकतो. उपचार सहसा सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. तुमच्या भेटी दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात दाट ठेवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याची तपासणी झाली का ते विचारल्याशिवाय उठू नका.

अंथरुणाला खिळलेली माणसं

इथं औषधापेक्षा हात लागतात. दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उघडून बघणं, चादरीची घडी न पडू देणं. कातडी लाल झाली आणि बोटानं दाबूनही लाली जात नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. त्या जागी चोळायचं नाही, भार काढायचा. टाचा वर राहाव्यात म्हणून पोटरीखाली जुन्या लुगड्याची घडी पुरते. सेवा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला तासभर मोकळीक द्या. तेवढ्यात ती ओढ्यावर जाऊन येते, आणि त्या घरात तुमची वाट बघितली जाते.

पाणी आणि डास

वेळ असेल तर परसात चक्कर मारा. हौद, बॅरल, जनावरांची दगडी डोण, पडलेला टायर. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डास होणं आठ-दहा दिवसांत उरकतं, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासायचं. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, जलसुरक्षक करतात. टोकाच्या घराच्या नळावर ती झाली का, हे विचारण्यात अर्थ आहे, टाकीजवळच्या नव्हे.

ऊसतोडीच्या टोळ्या

हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या कोप्या, म्हणजे झोपड्या घालून राहतात आणि त्या कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. टोळी कुठल्या फडात आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) किंवा टोळीच्या मुकादमाला विचारलं तर कळतं. माणसं पहाटेच फडात जातात, म्हणून संध्याकाळी कोपीवर जा. माता-बाल कार्ड गावाकडे राहिलेलं असेल तर फोनवरून त्याचा फोटो मागवायला सांगा, त्यावरून राहिलेली लस कळते. पुन्हा येण्याची तारीख इथं पंधरा दिवसांपुढची देऊ नका, तोवर टोळी हललेली असते.

गाडी बोलवायची वेळ

तातडीला १०८, गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२. गाव, तालुका आणि जवळची ओळखीची खूण सांगा: दूधसंस्था, शाळा, मंदिर. रेंज कुठं मिळते ती जागा वाडीवर पहिल्याच दिवशी बघून ठेवा. गाडी येईपर्यंत कार्ड, आधार, दोन जोडी कपडे आणि सोबत कोण जाणार हे ठरवून घ्या. ‘घरात विचारून सांगतो’ यात जो वेळ जातो, तो गाडीच्या वेळेपेक्षा जास्त असतो. मनानं खचलेलं, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारं माणूस भेटलं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवायला सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याच्यासमोर बसून फोन लावा.

वही

आकडा तिथंच लिहायचा, चढावर आल्यावर आठवून नाही. तुमच्या वहीत नावाऐवजी घर क्रमांक, कारण वही एसटीत विसरते. बाळाचा फोटो स्टेटसला लावायचा नाही, आईनं ‘लावा’ म्हटलं तरी. निघताना पुढची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर त्यांच्याच पेननं त्यांनाच लिहू द्या आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी आशाताईंकरवी निरोप पाठवा.

काम सोडायची वेळ आली की शेवटच्या दोन फेऱ्यांना नवा माणूस बरोबर न्या. पहिल्या फेरीला तुम्ही मोजा आणि त्याला लिहू द्या, दुसऱ्या फेरीला त्याला मोजू द्या आणि तुम्ही सोप्यात आज्जींजवळ बसा.